अवतरण निबंधात मुरते कसे? बालकवींच्या आठ ओळींच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न असा आहे: एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, खानापूरहून बेळगावला ये-जा करता. बालकवींच्या निसर्गकवितेवर निबंध लिहून दिलात आणि सरांनी समासात शेरा मारला, 'अवतरणे चिकटवल्यासारखी वाटतात'. एका पानात किती अवतरणे असावीत, चिन्हे एकेरी द्यावीत की दुहेरी, पृष्ठक्रमांक कुठे टाकावा आणि मराठी निबंधात कन्नड वचन (शिवभक्त संतांची छोटी मुक्त रचना) दिले तर चालते का, असे तुम्ही विचारले आहे. निबंधातला एक परिच्छेदही सोबत दिलात, ते फार बरे केलेत.

मी बेळगावात बरीच वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवते आहे, त्यामुळे असे निबंध हातून पुष्कळ गेलेत. चिन्हांचे आणि पृष्ठक्रमांकांचे सांगतेच. पण सगळी चिन्हे बिनचूक दिलीत तरी सरांचा शेरा जाणार नाही. त्याचे कारण तुमच्या परिच्छेदातच आहे. तो असा:

"बालकवी हे निसर्गाचे कवी आहेत. त्यांचा जन्म १८९० साली धरणगाव येथे झाला. 'औदुंबर' या कवितेत ते म्हणतात, 'ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन / निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.' यावरून बालकवींचे निसर्गप्रेम दिसून येते. तसेच ते म्हणतात, 'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.' यावरूनही त्यांचे निसर्गावरील प्रेम दिसते."

आता एक करून बघा. दोन्ही अवतरणांवर बोट ठेवा आणि उरलेला मजकूर वाचा. काही अडले का? नाही. ओळी असल्या काय, नसल्या काय, तुमचे म्हणणे तेवढेच राहते. त्याच ओळींच्या जागी बालकवींच्या दुसऱ्या कुठल्याही चार ओळी घातल्या तरी परिच्छेदाला धक्का लागत नाही. चिकटवल्यासारखे वाटते ते यामुळे. शिवाय पहिल्या दोन ओळींत हिरवाई आहे आणि शेवटच्या दोन ओळींत पाणी झाकोळून आलेले आहे. तुम्ही मात्र दोन्हींमधून एकच निष्कर्ष काढलात. जन्मगाव आणि जन्मसाल तर या ओळींच्या वाटेत उगाच आलेले आहे.

अवतरण म्हणजे पुरावा. पुरावा मांडायचा तर आधी दावा हवा, आणि तो वाचणाऱ्याला पटेल किंवा पटणार नाही असा हवा. 'बालकवींचे निसर्गावर प्रेम होते' याला नाही कोण म्हणणार? ज्या विधानाला कोणी नाही म्हणणार नाही त्याला पुरावा लागत नाही, म्हणून तिथे दिलेली ओळ शोभेची ठरते. सुरुवात इथून करा. ओळ वहीत उतरवून घेण्याआधी स्वतःला विचारा: हिच्यातला नेमका कोणता शब्द मला हवा आहे, आणि का?

त्याच कवितेवर मी लिहिले असते तर काहीसे असे:

"'औदुंबर' ही आठच ओळींची कविता, पण तिच्यातला रंग हळूहळू बदलत जातो. सुरुवातीला दोन्ही तटांवर 'हिरवाळी' आहे, झरा 'निळासावळा' आहे, शेतमळ्यांची 'हिरवी गर्दी' आहे. पाचव्या ओळीत या हिरव्यातून एक पांढरी पायवाट निघते आणि 'हिरव्या कुरणामधुनि' 'काळ्या डोहाकडे' जाते. यानंतर हिरवा रंग कवितेत पुन्हा येत नाही. पाण्यावर पसरतो तो काळिमा. पण कवी त्याला 'गोड काळिमा' म्हणतो. या एका विशेषणामुळे 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर' आपल्यापुढे येतो तेव्हा त्याची भीती वाटत नाही, तो निवांत वाटतो."

हे वाचन तुम्हाला मान्य असलेच पाहिजे असे नाही. या औदुंबरात कोणाला विरक्त योगी दिसला आहे, कोणाला उदासी, कोणाला मृत्यूची चाहूल. 'गोड' या शब्दाला मी फार महत्त्व दिले असे तुम्ही म्हणू शकता आणि 'काळ्या डोहाकडे' या शब्दांवर भर देऊन उलट बाजू मांडू शकता. तसे म्हणता येते म्हणजेच इथे दावा आहे. आता पुन्हा अवतरणांवर बोट ठेवून वाचा. परिच्छेद जागच्या जागी कोसळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या परिच्छेदात ओळी पूर्ण आहेत आणि त्यांच्यावर बोलणे एकेक वाक्याचे. माझ्यात पूर्ण ओळ एकच, बाकी एक-दोन शब्दांचे तुकडे, आणि बोलणे भरपूर. माझा साधा हिशेब असा: जेवढे उचलाल त्यापेक्षा त्यावरचे तुमचे बोलणे लांब असावे. तसे बोलता येत नसेल तर गरजेपेक्षा जास्त उचलले आहे असे समजा.

आता वाक्यात ते बसवायचे कसे. हा भाग मराठीत जरा निराळा आहे आणि निबंधलेखनाची इंग्रजी पुस्तके वाचून तो सुटत नाही. आपले क्रियापद शेवटी येते आणि नामाला विभक्ती लागते. कवितेतला शब्द आपली विभक्ती घेऊनच येतो. 'डोहाकडे' हा शब्द मी जसाच्या तसा घेतला, कारण माझ्या वाक्यातही पायवाट कुठेतरी 'जाते' आहे. 'कुरणामधुनि' घेतला, कारण पायवाट कशातून तरी जाते आहे. ओळीच्या विभक्तीला सोयीचे पडेल असे वाक्य मी लिहिले. पुष्कळ विद्यार्थी उलट करतात: आपले वाक्य आधी ठरवतात आणि मग कवीचा शब्द वाकवतात. 'काळ्या डोहाकडे'चे 'काळा डोह' करतात आणि तरीही अवतरणचिन्हात ठेवतात. ते चालत नाही. चिन्हाच्या आत कवीचे शब्द, तेही कवीच्या रूपात. वाकवायचे ते स्वतःचे वाक्य.

तुकड्याला स्वतःचा प्रत्यय लावायचा असेल तर तो चिन्हाच्या बाहेर लिहा: 'गोड काळिमा'मुळे, 'हिरवी गर्दी'तून. जिथे हे विचित्र दिसते, म्हणजे उचललेल्या शब्दाला आधीच प्रत्यय आहे किंवा तुकडा क्रियापदावर संपतो, तिथे मध्ये एक नाम घाला: 'काळ्या डोहाकडे' या शब्दांतून, 'पाय टाकुनी' या क्रियेमुळे, 'गोड' या विशेषणाने. शब्द, ओळ, प्रतिमा, विशेषण, संबोधन, प्रश्न ही नामे हाताशी ठेवली की विभक्तीची अडचण राहत नाही. शिवाय तुम्ही त्या तुकड्याला काय म्हणता, प्रतिमा की विशेषण की प्रश्न, यातूनच तुमचे विश्लेषण सुरू होते.

पूर्ण ओळ द्यायची असेल तर दोन वाटा आहेत. एक, 'कवी म्हणतो की' असे लिहून किंवा विसर्गासारखी दोन टिंबे देऊन ओळ शेवटी ठेवायची. दुसरी, ओळ आधी आणून 'असे म्हणताना कवी...' अशा तऱ्हेने वाक्य पुढे न्यायचे. पहिल्या वाटेत वाक्य ओळीपाशी थांबते, म्हणून पुढचे वाक्य त्या ओळीबद्दलच असले पाहिजे. दुसरीत बोलणे त्याच वाक्यात चालू राहते, पण ओळ लांब असेल तर क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याचा धागा सुटतो. चार-सहा शब्दांपुढे गेलात तर पहिली वाट बरी.

आणि 'म्हणतात' हा एकच शब्द किती वेळा वापरायचा? केशवसुतांची 'एक तुतारी द्या मज आणुनि' ही ओळ घ्या. तिथे कवी म्हणत नाही, मागतो. पुढच्याच 'फुंकिन मी जी स्वप्राणाने' या ओळीत मागणे प्रतिज्ञेत बदलते. मागतो, बजावतो, विचारतो, सुचवतो, नोंदवतो, मोजून दाखवतो, नाकारतो: योग्य क्रियापद सापडले की त्या ओळीचे निम्मे विवेचन तिथेच होते. चुकीचे सापडले तर मात्र निबंध फसतो, म्हणून नुसता बदल हवा म्हणून क्रियापद बदलू नका. काळ शक्यतो वर्तमान ठेवा. बालकवी १९१८ साली गेले, पण कवितेतली पायवाट आजही डोहाकडे 'जाते'.

'बालकवी म्हणतात' की 'कवी म्हणतो'? दोन्ही चालते. नाव घेतले तर आदरार्थी अनेकवचन, नुसते 'कवी' म्हटले तर एकवचन, असा आपल्याकडचा रिवाज आहे. एकाच निबंधात नाव एकेरी आणि नंतर आदरार्थी, असे मात्र होऊ देऊ नका.

बोलतो आहे कोण, हेही ओळ उचलण्याआधी पाहायला हवे. नाटक आणि कथा-कादंबरीत इथेच मोठा घोटाळा होतो. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' नाटकात तळीराम दारूच्या बाजूने मोठ्या हिरिरीने बोलतो, आर्यमदिरामंडळ काढतो. त्याचे वाक्य 'गडकरी म्हणतात' असे लिहून उद्धृत केलेत तर सबंध नाटक उलटे होईल. पात्राचे नाव लिहा आणि ते कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलते आहे ते चार शब्दांत सांगा. कवितेतला 'मी'सुद्धा दर वेळी कवीच असतो असे नाही. शंका असेल तिथे 'कवितेतला निवेदक' लिहा, कोणी नाव ठेवणार नाही.

घटना सांगायला अवतरण वापरू नका. कथेत काय घडले ते आपल्या शब्दांत दोन वाक्यांत सांगता येते. शब्द लेखकाचेच हवेत, दुसऱ्या शब्दांत ती गोष्ट उरणार नाही, असे असेल तेव्हाच ते उचला. किती अवतरणे असावीत या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. आठ ओळींच्या कवितेवर लिहिताना एका पानात दहा तुकडे आले तरी जड होत नाहीत. तीनशे पानांच्या कादंबरीवर लिहिताना एका पानात एक नेमके वाक्य पुरते. परीक्षेच्या पेपरात पाठ असलेल्या दोन ओळी बिनचूक आल्या तरी पुष्कळ. अर्धवट आठवणारी ओळ अवतरणचिन्हात घालण्यापेक्षा तिचा आशय आपल्या शब्दांत सांगितलेला केव्हाही चांगला.

आता चिन्हे. यात एकच एक नियम नाही. तुमच्या विभागाची पद्धत छापून दिलेली असेल तर तीच पाळा, मी काहीही सांगितले तरी. तशी नसेल तर सलग मजकुरातल्या ओळींना एकेरी किंवा दुहेरी, जे घ्याल ते शेवटपर्यंत ठेवा. अवतरणातल्या अवतरणाला दुसरे वापरा. दोन ओळी सलग लिहिताना मध्ये तिरकी रेघ द्या. अभंग-ओव्यांत दंड (उभ्या रेघा) छापलेले असतात, तिथे ते तसेच ठेवा, तिरकी रेघ नको. तीन-चार ओळींपेक्षा जास्त असेल तर नवा परिच्छेद करून डावीकडे जागा सोडा; मग अवतरणचिन्हांची गरज नाही. मधले शब्द गाळलेत तर तीन टिंबे द्या, स्वतःचा शब्द घातलात तर चौकटी कंसात ठेवा. गाळताना अर्थ फिरणार नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा.

शुद्धलेखन सुधारू नका. हे आमच्या हुशार विद्यार्थ्यांकडूनच जास्त घडते, कारण त्यांना नियम येतात. आजचे लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकात 'झांकळुनी', 'जळांत', 'गांव' असे अनुस्वार असणारच. नंतरच्या काही आवृत्त्यांत ते काढलेले दिसतात. तुमच्या हातात जी आवृत्ती आहे तिच्यात जसे छापले असेल तसे उतरवा आणि ती आवृत्ती कोणती ते संदर्भात सांगा. 'घेउन'चे 'घेऊन' केलेत तर वृत्ताची एक मात्रा वाढते, हेही ध्यानात असू द्या.

संतसाहित्यात आवृत्तीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. ज्ञानेश्वरीचा संदर्भ पानाने न देता अध्याय आणि ओवीने द्यायचा: 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।' (ज्ञानेश्वरी, ६.१४). असे दिले की कोणत्याही प्रतीत ती ओवी शोधता येते. पण वि. का. राजवाडे यांची १९०९ची प्रत आणि इतर प्रती यांत पाठभेद, म्हणजे शब्दांचे फरक, आहेत, म्हणून प्रत सांगायचीच. तुकोबांच्या गाथेत तर अभंगाचे क्रमांकसुद्धा प्रतीप्रमाणे बदलतात. शासकीय गाथेतला क्रमांक देऊन खाली दुसऱ्याच गाथेचे नाव लिहिलेत तर तपासणाऱ्याला भलताच अभंग सापडेल. नाटकाला अंक आणि प्रवेश द्या. छोट्या कवितेला कवितेचे नाव आणि संग्रहातले पान पुरते.

तो संदर्भ वाक्यात कुठे? अवतरण संपल्यावर लगेच, कंसात, आणि पूर्णविराम कंसानंतर. कवीचे नाव वाक्यात आलेच असेल तर कंसात फक्त 'पृ.' आणि क्रमांक. एकाच परिच्छेदात एकाच छोट्या कवितेतले आठ तुकडे असतील तर प्रत्येकाला कंस लावू नका, वाचणे अशक्य होते. पहिल्या किंवा शेवटच्या तुकड्याला एकदा दिला की भागले. तळटिपांची पद्धत असेल तर सलग त्याच पुस्तकासाठी 'तत्रैव' (म्हणजे 'तिथेच') आहेच.

ओळी घेता कुठून, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मला त्याचीच काळजी आहे. गाईडमधून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशातून ओळ घेऊ नका. तिथे शब्द बदललेले असतात आणि कोणाचीही कविता कोणाच्याही नावावर खपते. आपल्या भागात मराठी पुस्तक हवे तेव्हा मिळत नाही, कोल्हापूर-पुण्याहून मागवावे लागते, हे मला ठाऊक आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलांना तर जास्तच. पण बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून आहे, महाविद्यालयांची ग्रंथालये आहेत. येण्याच्या दिवशी अर्धा तास काढा, मूळ संग्रहातून ओळ स्वतःच्या हाताने उतरवा आणि तिथेच आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पान लिहून घ्या. नंतर ते आठवत नाही. मूळ पुस्तक मिळालेच नाही आणि एखाद्या समीक्षाग्रंथातून ओळ घ्यावी लागली, तर मूळ कवीचे नाव देऊन 'उद्धृत' असे लिहा आणि त्या समीक्षाग्रंथाचा संदर्भ द्या. त्यात कमीपणा काही नाही.

कन्नड वचनाबद्दल विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला. चालते, आणि आपण सीमाभागातल्यांनी तर हे जरूर करावे. दोन्ही भाषा कानांवर पडत वाढल्याचा हा फायदा पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला नाही. देह हेच देऊळ या कल्पनेवर तुकोबांच्या जोडीने लिहिताना बसवण्णांचे 'एन्न काले कंब, देहवे देगुल' तुम्हाला आठवले असेल तर ते द्याच. मूळ कन्नड शब्द देवनागरीत लिहा, लगेच मराठी अर्थ द्या ('माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ') आणि अनुवाद तुमचा असेल तर कंसात 'अनुवाद माझा' असे लिहा. छापील अनुवाद वापरलात तर अनुवादकाचे नाव हवे. मात्र तिथेही मघाचीच कसोटी लावा. दोन्हीकडे 'देऊळ' हा शब्द आहे एवढ्यावर दोन कवी शेजारी बसवू नका. याच वचनात आधी श्रीमंत लोक शिवालये बांधतात आणि मी गरीब काय करू, असा प्रश्न आहे. म्हणजे देहाचे देऊळ इथे ऐपतीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. तुम्ही घेतलेल्या अभंगात तो प्रश्न आहे का? असेल तर साम्य दाखवा, नसेल तर फरक दाखवा. फरक दाखवणारी तुलना बहुधा जास्त चांगली उतरते.

शेवटच्या संदर्भसूचीत लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष हा क्रम थोडा मागेपुढे झाला तरी बिघडत नाही, सगळीकडे सारखा असला की झाले. आपल्याकडचे एक खास सांगते. गावाचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले, त्यामुळे सूचीत काय लिहावे याबद्दल मुले गोंधळतात. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागच्या पानावर जे छापले आहे ते लिहायचे. १९७० सालच्या पुस्तकावर 'बेळगाव' असेल तर 'बेळगाव', परवाच्या पुस्तकावर 'बेळगावी' असेल तर 'बेळगावी'. एकाच सूचीत दोन्ही आली तरी ती चूक नाही, आणि कोणी सगळीकडे एकच नाव करायला सांगितले तर ती पाने उघडून दाखवा.